पेटता फेस

8 मे 1979, मंगळवार. मँचेस्टरच्या भर बाजारातल्या वुलवर्थ दुकानात दुपारच्या जेवणाची गर्दी होती. दुसऱ्या मजल्यावर एका बाजूला उपाहारगृह होतं आणि दुसऱ्या बाजूला फर्निचरचा विभाग. विक्रीसाठी एकावर एक रचून ठेवलेल्या सोफ्यांच्या मागे विजेची एक तार खराब झाली होती आणि आग तिथूनच लागली, असं नंतरच्या चौकशीत निघालं. बघता बघता मजला काळ्या धुरानं भरला. खिडक्यांना लोखंडी गज होते. बाहेर हात हलवणाऱ्या माणसांना सोडवायला अग्निशामक दलाच्या जवानांना ते गज कापावे लागले. 10 माणसं गेली.

सोफे जळतात हे कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण पूर्वीचे सोफे काथ्या, कापूस, घोड्याचे केस यांनी भरलेले असत. ते तासन्तास धुमसत राहायचे आणि घरातल्या माणसाला जाग यायला वेळ मिळायचा. नव्या सोफ्यात पॉलियुरेथेनचा फोम होता, आपल्याकडे ज्याला सरसकट स्पंज म्हणतात तो. त्याला जागच्या जागी धुमसत बसणं फारसं जमत नाही, तो भडकतो. कारण त्याच्या आत हवाच हवा असते, आणि त्याच्या रेणूत नायट्रोजन असल्यामुळे धुरात कार्बन मोनॉक्साइडच्या जोडीला हायड्रोजन सायनाइडही असतो. ज्वाळा अंगापर्यंत पोचण्याआधीच माणूस कोसळतो तो यामुळे.

हा फेस मुळात कोणाला हवा होता असंही नाही. 1930 च्या दशकात अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीकडे नायलॉन होतं आणि जर्मनीतल्या आयजी फार्बेनला त्याला तोड हवी होती. लेव्हरकुझेनच्या प्रयोगशाळेत ऑटो बायर नावाचा पस्तिशीचा रसायनतज्ज्ञ (कंपनीच्या मूळ बायर घराण्याशी त्याचं नातं नव्हतं, आडनाव तेवढं एक) धागा काढता येईल असं नवं द्रव्य शोधत होता. दोन टोकांना आयसोसायनेट असलेला रेणू आणि दोन टोकांना हायड्रॉक्सिल असलेला रेणू एकत्र आणले, की ते एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळी करतात, असं त्याला आढळलं. 13 नोव्हेंबर 1937 ही त्या पेटंटची तारीख. वरिष्ठांना कल्पना फारशी पटली नव्हती. शिवाय नमुन्यांत सारखे बुडबुडे राहायचे. आयसोसायनेटला पाण्याचा किंवा आम्लाचा अंश मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचा हा परिणाम. तपासणी विभागानं असा एक नमुना परत पाठवताना शेरा मारला होता म्हणे, की याचा उपयोग फार तर नकली एमेंटाल चीज करायला होईल.

बायरनं शेरा गिळला आणि बुडबुड्यांचाच माग घेतला. पाणी मुद्दाम, मोजून घालायचं, की आख्खं मिश्रण फुगतं. युद्ध झालं, आयजी फार्बेनची वाटणी झाली, आणि 1950 च्या दशकाच्या मध्याला मऊ फोम कारखान्यातून ठोकळ्यांनी बाहेर पडू लागला.

या सुरुवातीच्या काळात फोमसाठी जी तेलं वापरून पाहिली गेली, त्यांत एरंडेल होतं. एरंडेलाचं वैशिष्ट्य असं, की त्यातल्या मेदाम्लांपैकी जवळजवळ 90 टक्के रिसिनोलिक आम्ल असतं आणि या आम्लाला जन्मतःच हायड्रॉक्सिल गट असतो. दुसऱ्या कुठल्याही खपाच्या तेलाला हे भाग्य नाही. आयसोसायनेटला हवा असलेला जोडीदार, ज्याला रसायनवाले पॉलिऑल म्हणतात, तो एरंडाच्या झाडावर आयता लागतो. पण 1957 च्या सुमारास डाऊ आणि बीएएसएफ यांनी पेट्रोलियमपासून पॉलिइथर पॉलिऑल बाजारात आणले. ते स्वस्त होते, दर खेपेला तंतोतंत सारखे असायचे आणि त्यांचा फोम अधिक लवचीक व्हायचा. मऊ फोमच्या धंद्यात एरंडेल मागे पडलं. पुढची तीसेक वर्षं गादी, मोटारीची सीट, फ्रिजच्या भिंतीतलं आवरण हे सगळं खनिज तेलावर चाललं, आणि आगीचा प्रश्न सोडवायचा तर या खनिज तेलाच्या फोममध्ये काहीतरी कालवायचं, एवढाच विचार होता.

काय कालवायचं, हे तसं जुनं ज्ञान. पॅरिसच्या नाट्यगृहांचे पडदे पेटायचे म्हणून राजा अठराव्या लुईनं गे-लुसाक या शास्त्रज्ञाला उपाय शोधायला सांगितलं होतं, आणि 1821 मध्ये त्यानं अमोनियम फॉस्फेट आणि टाकणखार यांची नावं पुढे केली होती. फॉस्फरस तेव्हापासून या धंद्यात आहे. विसाव्या शतकात त्याला ब्रोमीन आणि क्लोरीन येऊन मिळाले. ज्वाळेत जे अस्थिर अणू-रेणू एकमेकांना पेटवत सुटतात, त्यांना ही मूलद्रव्यं मधेच धरतात आणि साखळी तुटते. कागदावर सुरेख उपाय आहे. अडचण अशी, की हे द्रव्य फोमला चिकटत नाही, त्यात नुसतं राहतं. हळूहळू बाहेर येतं, धुळीत मिसळतं, आणि धूळ घरात रांगणाऱ्या मुलाच्या हातातोंडात जाते.

इथे गोष्टीत एक गिर्यारोहक येते. आर्लीन ब्लम ही बर्कलीची रसायनतज्ज्ञ. तेव्हा अमेरिकेत लहान मुलांच्या झोपण्याच्या कपड्यांना आग लागू नये असा सरकारी नियम होता आणि तो पाळण्यासाठी कापडात ब्रोमीनयुक्त ‘ट्रिस’ घालत. ब्लम आणि ब्रूस एम्स यांनी जीवाणूंवरच्या चाचण्यांतून दाखवलं, की ट्रिस जनुकांत बिघाड घडवतं, म्हणजे कर्करोगाचा संशय घ्यायला जागा आहे. जानेवारी 1977 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांचा लेख आला आणि एप्रिलमध्ये त्या कपड्यांवर बंदी आली. लगेच ब्रोमीनच्या जागी क्लोरीन असलेलं भावंड पुढे झालं. पुढच्याच वर्षी एम्सच्या गटानं तेही तसंच असल्याचं दाखवलं आणि पायजम्यांतून तेही गेलं. ब्लम तोवर दुसऱ्या कामाला लागली होती. 1978 साली ती फक्त बायकांची तुकडी घेऊन अन्नपूर्णेवर गेली. तुकडीतल्या दोघी शिखरावर पोचल्या, दुसऱ्या दोघी उतरल्या नाहीत. त्यानंतर बराच काळ ती प्रयोगशाळेपासून दूर राहिली. पुढे पंचवीसेक वर्षांनी ती या विषयाकडे परतली, तेव्हा पायजम्यातून हाकललेला क्लोरीनवाला ट्रिस अमेरिकेच्या सोफ्यांत आरामात बसलेला तिला सापडला.

त्याला तिथे बसवलं होतं कॅलिफोर्नियाच्या एका नियमानं. 1975 चं ‘टेक्निकल बुलेटिन 117’. उघड्या फोमच्या तुकड्याला 12 सेकंद लहान ज्योत लावायची आणि तो पुढे पेटता कामा नये, असा त्याचा सारांश. कॅलिफोर्नियाची बाजारपेठ एवढी मोठी, की कारखानदारांनी सगळ्याच देशासाठी तसाच फोम काढायला सुरुवात केली. त्यात आधी ‘पेंटा’ नावाचं ब्रोमीनयुक्त द्रव्य असे. स्वीडनमध्ये साठवून ठेवलेल्या मातेच्या दुधाचे नमुने तपासले, तेव्हा 1972 ते 1997 या काळात या जातीच्या द्रव्यांचं प्रमाण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्याचं दिसलं. अमेरिकेतलं उत्पादन 2004 अखेर थांबलं आणि 2009 मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत त्याचं नाव चढलं. त्याच्या जागी काय आलं? इतर द्रव्यांबरोबर तोच क्लोरीनवाला ट्रिस.

एवढं करून लोक वाचत तरी होते का? सोफा पेटतो तेव्हा आधी पेटतं ते कापड. कापडाची आग फोमपर्यंत पोचते तोवर ती 12 सेकंदांच्या इवल्या ज्योतीपेक्षा कित्येक पटींनी मोठी झालेली असते. व्हिटेनिस बाब्राउस्कस हे आगीच्या मोजमापातलं मोठं नाव. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत असताना त्यांनी 1980 च्या दशकात ‘कोन कॅलरीमीटर’ घडवला. शंकूच्या आकाराच्या तापकाखाली नमुना ठेवायचा आणि तो दर सेकंदाला किती उष्णता ओकतो ते जाळताना वापरल्या गेलेल्या ऑक्सिजनवरून काढायचं, अशी ही युक्ती. ज्वालारोधक रसायनांचे कारखानदार आपल्या बाजूनं याच बाब्राउस्कस यांच्या अभ्यासाचा दाखला देत. 2012 मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या बातमीदारांनी त्यांना गाठलं, तेव्हा आपल्या निष्कर्षांचा विपर्यास झाला आहे असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्या प्रयोगातला माल घरच्या सोफ्यात असतो त्याहून कितीतरी जास्त रसायन घातलेला होता. त्याच लेखमालेत दोन गोष्टी आणखी बाहेर आल्या. एक, ‘आपोआप विझणारी सिगारेट काढा’ या मागणीपासून सुटका करून घ्यायला तंबाखू कंपन्यांनी ‘दोष सोफ्याचा’ हा सूर जोपासला होता. दोन, उशीत ही रसायनं नसल्यामुळे भाजून मेलेल्या बाळांच्या कहाण्या आमदारांसमोर सांगणाऱ्या एका नामवंत डॉक्टरांची ती बाळं मुळी कधी नव्हतीच. वाचणाऱ्याला चीड येते ती या दुसऱ्या गोष्टीची. मला पहिली अधिक महत्त्वाची वाटते, कारण सिगारेटनं सोफा धुमसतो आणि 12 सेकंदांच्या ज्योतीच्या चाचणीचा त्या धुमसण्याशी संबंधच नव्हता.

या सगळ्या भांडणापासून दूर, कॅन्ससमधल्या पिट्सबर्ग गावात वेगळंच काम चाललं होतं. हे पेनसिल्व्हेनियातलं पोलादाचं पिट्सबर्ग नव्हे. हे कोळशाच्या खाणींचं छोटं गाव, आजूबाजूला शेती. तिथल्या विद्यापीठात 1990 च्या दशकात सर्बियाच्या नोव्ही सादहून आलेले झोरान पेत्रोविच आणि त्यांचे सहकारी सोयाबीनच्या तेलापासून पॉलिऑल करू पाहत होते. सोयाबीनच्या तेलाला एरंडेलासारखा उपजत हायड्रॉक्सिल नाही. त्याच्या साखळीत दुहेरी बंध असतात. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मदतीनं तिथे ऑक्सिजन अडकवायचा, त्याचं तीन टोकांचं ताणलेलं कडं होतं, मग मिथेनॉलसारख्या एखाद्या द्रव्यानं ते कडं उघडायचं, की हायड्रॉक्सिल तयार. पहिली पायरी उद्योगाला ठाऊक होतीच, कारण असं तेल पीव्हीसी मऊ करायला कधीचं वापरतात. अमेरिकेतल्या सोयाबीन शेतकऱ्यांना जास्तीच्या तेलाला गिऱ्हाईक हवं होतं आणि खनिज तेलाचे भाव चढत होते. कारगिल कंपनीनं काढलेल्या अशा वनस्पतिजन्य पॉलिऑलला 2007 मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास फोर्ड कंपनीत डेबोरा मिलेव्स्की यांच्या गटानं 2008 च्या मस्टँग गाडीच्या सीटमध्ये सोयाबीनचा फोम घातला. अर्थात पेट्रोलियमच्या पॉलिऑलचा एक हिस्साच त्यात बदलला होता. म्हाताऱ्या हेन्री फोर्डनं 1941 मध्ये सोयाबीनच्या नावानं प्लॅस्टिकच्या पत्र्यांची गाडी लोकांना दाखवली होती. ती रस्त्यावर कधी आली नाही. पणतवंडांच्या काळात सोयाबीन गाडीत शिरलं ते सीटखालून.

आणि मग तो प्रश्न पुढ्यात आला, जो खरं तर पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. तेल म्हणजे इंधन. एरंडेलावर आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या दिवे जळले आहेत. लांब मेदाम्लाची साखळी ही जळण्यासाठीच घडवल्यासारखी. तिचा फोम केला म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही. हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो. साधा पॉलियुरेथेन फोम 18-19 टक्क्यांतही जळत राहतो, आणि तो खनिज तेलाचा आहे की सोयाबीनचा, याची ज्वाळेला पर्वा नसते. ‘वनस्पतिजन्य’ हा शब्द ऐकल्यावर गिऱ्हाइकाच्या मनात ‘निर्धोक’ हा शब्द आपोआप उमटतो आणि विक्रेते तो उमटू देतात. या दोन शब्दांचं काही नातं नाही.

पिट्सबर्गमध्येच राम गुप्ता यांच्या गटानं गेल्या दशकभरात या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. सोयाबीन, एरंडेल, संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन अशा नाना गोष्टींपासून पॉलिऑल करायचे, त्यांचा कडक फोम ओतायचा आणि तो पेटवून बघायचा. त्यात घालायच्या द्रव्यांपैकी दोन लक्षात राहण्यासारखी आहेत. एक फुगणारं ग्रॅफाइट. ग्रॅफाइटच्या थरांत गंधकाम्ल कोंडलेलं असतं. ताप लागला की ते वायू होऊन थर उचकटतं आणि दिवाळीतल्या सापाच्या गोळीसारखं ग्रॅफाइट वळवळत फुगतं. फोमवर काळी जाड रजई तयार होते, खालचा माल तापत नाही आणि जळाऊ वायू वर येत नाहीत.

दुसरं द्रव्य डायमिथाइल मिथाइलफॉस्फोनेट, थोडक्यात डीएमएमपी. पाण्यासारखं पातळ, फॉस्फरसनं भरलेलं, थोडंसं घातलं तरी फोमची ज्योत चटकन विझते. आता याची दुसरी ओळख. 4 ऑक्टोबर 1992 रोजी इस्रायलचं एक मालवाहू विमान ॲमस्टरडॅमच्या बाइल्मर वसाहतीतल्या इमारतींवर कोसळलं. विमानात काय होतं, यावर डच लोक वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहिले. 1998 मध्ये उघड झालं, की त्यात 190 लीटर डीएमएमपी होतं. सरीन हा विषारी वायू करायलाही ते लागतं. रासायनिक शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याच्यावर देखरेख आहे. फोममध्ये घातलेलं डीएमएमपी म्हणजे सरीन नव्हे, कोणी तसा समज करून घेऊ नये. पण सोयाबीनच्या शेतातून निघालेल्या ‘हिरव्या’ फोमला आगीपासून वाचवायला शेवटी या वस्तीतलं द्रव्य बोलवावं लागावं, यात गंमत आहेच. आणि पायजम्यातल्या ट्रिसचा दोष यालाही आहेच. ते फोमला बांधलेलं नसतं, काळाच्या ओघात उडून जातं.

म्हणून खरा रस आहे तो फॉस्फरस तेलाच्या रेणूलाच बांधण्यात. ते तीन टोकांचं कडं उघडताना मिथेनॉलऐवजी फॉस्फरसचं संयुग वापरायचं. मग फॉस्फरस साखळीचाच भाग होतो, धुळीत येत नाही. चीनमध्ये नानजिंगच्या संशोधकांनी 2013 मध्ये एरंडेलाला असं फॉस्फरस जोडून, वर फुगणारं ग्रॅफाइट घालून कडक फोम केला. अशा फोमला जळत राहायला हवेतल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे ज्योत काढली की तो विझतो. किंमत दुसरीकडे मोजावी लागते. ग्रॅफाइट जास्त झालं की बुडबुड्यांच्या भिंती फाटतात, फोम ठिसूळ होतो आणि उष्णता रोखण्याचं त्याचं मूळ काम बिघडतं.

कोकण-गोव्याचा माणूस इथे विचारेल, की काजूच्या टरफलातल्या तेलाचं काय? हातावर पडलं तर फोड आणणारं ते काळं तेल होड्यांना आणि घराच्या वाशांना वाळवी-पाण्यापासून वाचवायला आपल्याकडे लावतात. अमेरिकेत 1920 च्या दशकात मॉर्टिमर हार्वे यांनी त्याच्यापासून राळ करण्याचे मार्ग शोधले, आणि मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात ती राळ गेली. ब्रेक खूप तापतात, तिथे टिकणारी वस्तू आगीत लगेच वितळून वाहणार नाही हे उघड आहे. कारण या तेलातला कार्डेनॉल हा नुसता मेदाचा धागा नाही. त्याच्या एका टोकाला फिनॉलचं कडं असतं आणि असं कडं जळताना वायू होण्याऐवजी कोळसा धरतं. मुंबईत माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत कार्डेनॉलला फॉस्फरस जोडून आग न धरणारी पॉलियुरेथेनची लेपनं करण्याचं काम झालं आहे. टरफल कोणी खात नाही, त्यामुळे अन्नाला कात्री लावण्याचा आरोपही इथे लागत नाही. सोयाबीनपेक्षा मला हा घोडा जास्त पल्ल्याचा वाटतो.

एरंडेलाचा विचार केला तर जगाचं कोठार गुजरातेत आहे. मुंबईतल्या जयंत ॲग्रो-ऑरगॅनिक्सनं मित्सुई केमिकल्स आणि इतो ऑइल या जपानी कंपन्यांबरोबर एरंडेलाचे पॉलिऑल करण्यासाठी भागीदारी केली. पण हे सगळं फोमच्या अर्ध्या भागाबद्दल झालं. दुसरा अर्धा, म्हणजे आयसोसायनेट, अजून पेट्रोलियमचाच आहे आणि तो करायला सहसा फॉस्जीन लागतो. भोपाळनंतर आयसोसायनेट हा शब्द भारतात कोणाला शिकवावा लागत नाही. तिथलं मिथाइल आयसोसायनेट कीटकनाशकासाठी होतं, फोमच्या कारखान्यातली आयसोसायनेटं वेगळी आणि खूपच कमी उडणारी. घराणं मात्र एकच. तेलबियांचं चित्र छापलेल्या पिंपाशेजारी दुसरं पिंप उभं असतं, त्याचा फोटो जाहिरातीत नसतो.

दरम्यान सोफ्याचा प्रश्न बऱ्याच अंशी दुसऱ्याच वाटेनं सुटला. ट्रिब्यूनच्या लेखमालेनंतर कॅलिफोर्नियानं 12 सेकंदांची ज्योत काढून टाकली आणि कापड धुमसतं का, ते तपासायला सुरुवात केली. तिथे नीट विणलेलं कापड पुरतं, फोममध्ये काही घालावं लागत नाही. 2018 मध्ये त्या राज्यानं नव्या सोफ्यांत आणि गाद्यांत ज्वालारोधक रसायनांवर जवळपास बंदीच घालणारा कायदा केला. उरला तो भिंतीतला, छतातला कडक फोम. तिथे ऊर्जा वाचवायची म्हणून तो दिवसेंदिवस जास्त जाड घालतात. 14 जून 2017 च्या रात्री लंडनमध्ये 24 मजल्यांचा ग्रेनफेल टॉवर पेटला, 72 माणसं गेली. आग मुख्यतः पसरवली ती बाहेरच्या ॲल्युमिनियम पत्र्यांतल्या पॉलिइथिलीननं. पण त्या पत्र्यांमागे पॉलियुरेथेनच्या घराण्यातल्याच पॉलिआयसोसायन्युरेट फोमचे तक्ते होते.

कोन कॅलरीमीटरखाली ठेवायचा नमुना 10 सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. फॉस्फरस-ग्रॅफाइटवाल्या वनस्पती फोमचे शोधनिबंधांतले बहुतेक सुंदर आलेख अशाच तुकड्यांवरून काढलेले आहेत. आलेख खोटे नाहीत, पण 24 मजल्यांबद्दल ते फारसं काही सांगत नाहीत. इंग्लंडनं डिसेंबर 2018 पासून 18 मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतीत जळू शकणारा माल वापरायला मनाई केली. नियमात पेट्रोलियमचा फोम आणि वनस्पती तेलाचा फोम असा फरक नाही. बारा सेकंदांच्या ज्योतीनंतर विझणारा आणि न विझणारा असाही नाही. त्यामुळे एरंडाचा, सोयाबीनचा किंवा काजूच्या टरफलाचा फोम तिथे सध्या जाऊ शकत नाही. त्याला आज जागा आहे ती शीतगृहांच्या भिंतींत, फ्रिजमध्ये, पाइपांच्या आवरणात आणि बुटक्या घरांच्या छतात.